धाकटीच्या नावाचे स्कोन

मंगळवार, १२ जानेवारी

बाईसाहेब,

"आवडले ना आई? अजून पाठवते."

आज सकाळी साडेअकराला हे वाक्य आपल्या जेवणघरात तुझ्या तोंडून आलं. तू फोनमध्ये होतीस आणि मी दारात, हातात गरम बशी घेऊन. आईला चालायला शिकवायला येतात त्या व्यायामवाल्या बाईंनी तुझा नंबर लावून फोन टेबलावर ठेवला होता आणि आई त्याच्यावर वाकून तुझे आभार मानत होती. सहा वर्षांत ती तुझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. आज डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "बाळा, दर आठवड्याला आठवणीनं पाठवतेस गं." आणि तू काय म्हणालीस? कसलं पाठवणं, असं विचारलंस? चुकून तरी अडखळलीस? तुझी दातखीळ का बसली नाही? दवाखान्यात बाकी सगळ्या जगाच्या जबड्यात हात घालतेस!

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. व्यायामवाल्या बाई समोर होत्या म्हणून बशी खाली ठेवली, नाहीतर भिंतीवर गेली असती.

तुला काहीच माहीत नव्हतं, तरी तू हो म्हणालीस. आता माहीत करून घे.

सप्टेंबरात आई न्हाणीघरात पडली आणि मांडीचं हाड मोडलं, हे मी तुला दोन ओळींत कळवलं होतं. पुढचं कळवलं नाही. हॉस्पिटलातून घरी आल्यावर तिने खाणं सोडलं. सूप नको, फळ नको, दूध नको. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हाड जुळेल, पण या खाण्यावर त्या पुन्हा उभ्या राहणार नाहीत. मग मी तिच्या आवडीचे स्कोन केले. चीज, मिरपूड आणि कांद्याची पात घातलेले खारे, गोल छोटे पाव, ती रविवारी करायची तेच. तिने एक तुकडा तोंडात घातला आणि बशीत परत काढला. "थोरले, तुझा हात गरम. बटर विरघळवलंस. दगड झालेत."

हे वाक्य मी वयाच्या आठव्या वर्षापासून ऐकतेय. तुझा हात थंड, म्हणून तू मैद्यात बटर चोळायचं. माझा गरम, म्हणून मी ट्रे घासायचे. किती वर्षं ट्रे घासले ते मोजायला बसले तर चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडावी लागेल.

दुसऱ्यांदा केले, तेही दगड. तिसऱ्यांदा केले तेव्हा मी चिडून बोलले, "हे धाकटीनं पाठवलेत. आता तरी खा." टोमणा होता तो! तिला तो खराच वाटला. तिने बशी जवळ ओढली, वास घेतला आणि दोन खाल्ले. मग म्हणाली, "तिला आठवण झाली म्हणायची माझी." त्या दिवशी तिने सूपही घेतलं.

तेव्हापासून चार महिने, दर मंगळवारी, मी सहाला उठते. बर्फाच्या पाण्यात मनगटापर्यंत हात बुडवून बसते, बोटं बधिर होईपर्यंत. मग बटर चोळते. आई नऊला उठते, तोवर स्कोन होऊन गार झालेले असतात. अकराला ते कुरियरच्या जुन्या खोक्यात भरते, वर चिकटपट्टी लावते, जिन्यात जाते आणि आपल्याच दाराची बेल वाजवते. मग आत येऊन मोठ्यांदा म्हणते, "आलं बरं का धाकटीचं खोकं." वरच्या मजल्यावरच्या शिंप्याने मला एकदा पकडलं. म्हणाला, किल्ली विसरलात का? मी म्हटलं, बेल चालते का बघतेय. पुढच्या मंगळवारी तो बिचारा स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर झाला.

हे सगळं मी केलं. आभार तू घेतलेस. बाबा गेले तेव्हा न आलेली तू! त्या विषयात मी आज शिरत नाही.

पुन्हा आईचा फोन आला तर उचलायचा नाही. एवढंच सांगायला हे पत्र.

ताई


बुधवार, २० जानेवारी

बाईसाहेब,

फोन उचलू नकोस म्हटलं होतं. खोकं पाठव असं कुठे म्हटलं होतं?

काल अकराला माझं खोकं नेहमीप्रमाणे आलं. आई टेबलाशी बसली, मी गरम करायला निघाले, तेवढ्यात बेल वाजली. बेल वाजवणारी बाई तर घरातच उभी! दार उघडलं तर खराखुरा कुरियरवाला, हातात तुझ्या अक्षरातला पत्ता. आई आतून विचारतेय, "आज दोनदा कसं गं?" मी म्हटलं, जास्त झाले असतील तिच्याकडे. खोटं बोलायला मी आता क्षणभरही थांबत नाही, इतकी सवय झालीय.

तुझे स्कोन मी पाहिले. बाई, तू दाताची डॉक्टर आहेस की दात पाडून गिऱ्हाईक वाढवतेस? तळाला करपलेले, पोटात कच्चे, वर लाल मिरचीचा भुगा. साचा फिरवून फिरवून कापलेस ना? कडा चिकटून बसतात मग, फुगणार कुठून? आणि मीठ? मीठ घालायला कोणी येणार होतं का?

लपवायला वेळच मिळाला नाही. आईने दोन्ही खोकी पुढे ओढली आणि तुझ्या खोक्यातला एक आधी उचलला. चावली. थांबली. माझ्याकडे बघितलं. मी मनात म्हटलं, आता कळेल, आता तिला कळेल कोण काय करतं ते. सांगते तुला, चार महिन्यांचा सगळा थकवा त्या एका क्षणात उतरला होता.

आई म्हणाली, "हे तू केलेस."

तिने तो बशीत परत टाकला.

"खोक्यात घालून, धाकटीचं नाव लावून माझ्या पुढ्यात ठेवतेस? तिचं चांगलं चाललंय ते बघवत नाही का तुला? लहानपणापासून तुझं हेच. लाज नाही वाटत दुसऱ्याच्या नावावर आपलं खपवायला?"

धाकटे, मी तेव्हा बोलायला हवं होतं. एका बाजूला माझे, एका बाजूला तुझे, पुरावा टेबलावर मांडलेला होता. आणि माझ्या तोंडून काय निघालं, माहीत आहे? "हो. मीच केले." का म्हणाले ते मला आजही कळत नाही. कदाचित तिचा चेहरा बघून. तुझे स्कोन वाईट आहेत हे तिला कळलं असतं तर ती पुन्हा खायची थांबली असती. नाहीतर मग मला शिव्या खायची सवयच लागली असेल.

अर्धा तास बोलत होती. मग माझ्या खोक्यातले तीन खाल्ले आणि म्हणाली, "हे बघ. याला म्हणतात हात."

तुझे उरलेले मी मोरीपाशी उभ्याने खाल्ले. टाकवेनात. भूक होती म्हणून नव्हे. रागाने खाल्ले.

आता आणखी ऐक. आज सकाळपासून तिने नवीन टुमणं लावलंय. तुझ्याकडे राहायला यायचं म्हणतेय. "इतक्या लांबून पाठवते, त्यापेक्षा मीच जाते. ताजे मिळतील." तिच्या कपाटातून निळी बॅग काढून पलंगावर ठेवलीय. वॉकर धरून एका हाताने घड्या घालते आणि मला हात लावू देत नाही.

काय करणार आहेस? तिथे गेल्यावर पहिल्या मंगळवारी तिच्यापुढे काय ठेवणार आहेस? तोंड उघड जरा.

ताई


शुक्रवार, २९ जानेवारी

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. सहा वर्षांत पहिल्यांदा पत्र, आणि ते चार ओळींचं! "रविवारी, सात तारखेला येते. आईला घेऊन जाईन. स्कोनची कृती नीट लिहून पाठव. सहा वर्षं तुझं खोटं मी सांभाळलं, आता माझं थोडे दिवस तू सांभाळ."

शेवटच्या ओळीशी आल्यावर कागद चुरगळून फेकला. मग उचलला, सरळ केला, पुन्हा वाचला. दुकानात दिवसभर माझ्या हातून भिंगं फुटली. दोन.

आधी कृती घे. मागितलीस ना?

मैदा, बेकिंग पावडर, मीठ, मिरपूड एकत्र चाळायचं. मीठ, लक्षात ठेव. बटर फ्रीजमधलं, घट्ट. बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळहात लावायचा नाही. रव्यासारखं झालं की थांबायचं, तुझ्या हाताला थांबायची सवय नाही म्हणून सांगतेय. किसलेलं चीज आणि पात टाकायची, मग थंड दूध. मळायचं नाही! नुसतं गोळा करायचं, दोनदा घडी घालायची आणि बोटभर जाड थापायचं. साचा सरळ खाली दाबायचा आणि सरळ वर उचलायचा. दूध फक्त माथ्यावर लावायचं, कडेला ओघळलं तर तिथून फुगत नाहीत. ओव्हन आधीच चांगला तापलेला हवा. पंधरा मिनिटं. दार उघडून डोकावायचं नाही.

झाली कृती. आता तुझी शेवटची ओळ.

आईला मी जे सांगितलं ते खोटं होतं हे तुला त्याच दिवशी कळलं. बाबा गेले त्याच्या दोन दिवसांनी तू आलीस, हातात बॅग, पायात दोन रंगांचे मोजे. आईने खोलीचं दार लावून घेतलं. आतून म्हणाली, "जमणार नाही म्हणालीस ना? मग आता कशाला आलीस?" तू माझ्याकडे बघितलंस. मी भिंतीकडे बघितलं. तू उभ्याउभ्या पाणी प्यालीस, पेला धुऊन ठेवलास आणि गेलीस.

तू बोलली का नाहीस? दाराबाहेरून ओरडायला हवं होतंस, "आई, मी रोज फोन करत होते, ताईच म्हणाली साधा ताप आहे, येऊ नकोस." एवढंच तर होतं. मी नाही म्हणू शकले नसते. मूग गिळून गप्प बसलीस आणि मला सहा वर्षं वाट बघायला लावलीस. प्रत्येक फोन वाजला की वाटायचं, आज बोलणार. तू बोलत नाहीस याचाही मला राग आहे. सगळ्यात जास्त त्याचाच आहे, असं आता वाटतं.

येऊ नकोस का म्हणाले, तेही विचार. कोणी विचारलं नाही म्हणून कधी सांगितलं नाही. तीन दिवस हॉस्पिटलात बाबांनी माझा हात धरून ठेवला होता. माझाच, गरम. म्हणाले, बरं वाटतं, थंडी वाजत नाही. आयुष्यात पहिल्यांदा या घरात माझ्या हाताबद्दल कोणी चांगलं बोललं होतं. तू आली असतीस तर त्यांनी तो सोडला असता. तू आलीस की सगळे सोडतातच. मला वाटलं, दोन दिवस आणखी, मग कळवू. ते तिसऱ्या दिवशी गेले. आणि मग आईने विचारलं, "तिला कळवलं होतंस ना?" मी म्हटलं, कळवलं होतं, जमणार नाही म्हणाली.

लिहून टाकलं. आता माझ्यावर ओरड, नाहीतर नको ओरडूस. तुझी मर्जी.

पण आई तुझ्याकडे येणार असेल तर अशी नाही येणार. तू पाठवलेले स्कोन खाऊन, मी लावलेल्या खोट्यावर माफ करून, असं नाही. तुला माफ करायला निघालीय ती, आणि माफ करण्यासारखं तू काही केलेलंच नाहीस! चार महिने मी ऐकतेय, "जाऊ दे, तरुण होती, चुकली."

उद्या सांगते तिला. स्कोनचंही आणि बाबांचंही. तू येण्याआधी.

ताई


बुधवार, ३ फेब्रुवारी

धाकटे,

हे पत्र माझ्या अक्षरात आहे, पण सांगणारी आई आहे. तिचा हात थरथरतो आणि डोळ्यांना अक्षरं लागत नाहीत, म्हणून मला बसवलंय. ती समोर खुर्चीत आहे. शनिवारपासून माझ्याशी बोलत नाही. काही हवं असलं की भिंतीला सांगते, "कोणी खिडकी लावेल का?" आज सकाळी भिंतीला म्हणाली, "धाकटीला पत्र लिहायचंय. लिहिणारीनं आपल्या पदरचं घालायचं नाही." मी एवढं घालून घेतलं, आता तिचं सुरू.

"धाकटे, थोरलीनं मला शनिवारी सगळं सांगितलं. आधी स्कोनचं सांगितलं. मला पटलं नाही. म्हटलं, खोटं बोलतेस, नेहमीसारखं. तर तिनं बर्फाचं भांडं आणलं, हात बुडवून बसली आणि माझ्यासमोर केले. सबंध वेळ मी बघत होते. बरोबर केले. मग ओव्हन लावल्यावर तुझ्या बाबांचं सांगितलं. ओव्हनची घंटा वाजली तरी आम्ही दोघी उठलो नाही. पहिली खेप करपली. हे लिहिलंस का? लिही.

"मी तुझ्यासाठी दार लावून घेतलं होतं. सहा वर्षं ते डोक्यात धरून बसले. माझ्या मुलीनं बापाला शेवटचं बघायला नकार दिला, असं मी चार लोकांत सांगत फिरले. ते चार लोक आता कुठे शोधू? तुझ्या लहानपणीचे फोटो मी कपाटाच्या मागे टाकले होते. काल व्यायामवाल्या बाईंकडून कपाट सरकवून घेतलं.

"तू त्या दिवशी बोलायला हवं होतंस. तुझ्यावरही माझा राग आहे. बहिणीला वाचवत होतीस की मला शिक्षा करत होतीस, ते इथे येऊन सांग.

"थोरलीशी मी बोलत नाही. तिच्या हातचं जेवत नाही, वरच्या मजल्यावरून डबा येतो. स्कोन खाते. ते चांगले आहेत म्हणून खाते. स्कोन चांगले आहेत, बाई चांगली नाही, हे असंच लिही.

"मी तुझ्याकडे राहायला येत नाही. बॅग रिकामी केली. तूच इथे ये, आठ दिवस तरी रहा."

इथे ती थांबली. मला वाटलं झालं, मी पेनाचं टोपण लावलं. तर पुन्हा भिंतीकडे बघून म्हणाली, "आणखी एक. लिहिणारीला विचारायचंय. ते गेले तेव्हा ही एकटीच होती त्यांच्याजवळ. ते धाकटीबद्दल काही बोलले का? खरं काय ते इथेच लिहायला सांग. मग मोठ्यांदा वाचायला सांग."

लिहिते.

दोनदा विचारलं त्यांनी. पहिल्यांदा सकाळी: धाकटीला कळवलंस का? मी म्हटलं, कळवलं. दुसऱ्यांदा दुपारी, औषध दिल्यावर: निघाली का? मी म्हटलं, निघाली, वाटेत आहे. मग त्यांनी माझा हात सोडला आणि कूस बदलली. नर्स उशी सरळ करायला आली तर म्हणाले, राहू दे, इकडून दार दिसतं. संध्याकाळपर्यंत त्याच कुशीवर होते. पाच वाजता गेले.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. शुक्रवारी तुला लिहिलं त्यातही घातलं नाही.

मोठ्यांदा वाचलं. आईने पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचताना माझा आवाज मध्येच गेला, ती तो परत येईपर्यंत थांबली. सूट दिली नाही. मग चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली.

"रविवारची वाट कशाला बघायची? आज निघ म्हणावं तिला."

मी म्हटलं, आई, पत्र पोचायला तीन दिवस लागतात.

"मग फोन लाव. आणि हे सगळं तूच वाचून दाखव. मी इथे बसलेय."

लावतेय.